सी भाषेत अनेक फाइल वाचताना: नावं लूपला कोण पुरवणार?

फाइल उघडा, ओळी वाचा, बंद करा, पुढची घ्या. लूप एवढाच असतो. खरा निर्णय असतो तो पुढच्या फाइलचं नाव आणायचं कुठून याचा.

फाइलची नावं नोंद१, नोंद२ अशी क्रमाने असतील, तर एसएनप्रिंटएफने (ठरावीक लांबीच्या बफरमध्ये, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेत, मजकूर लिहिणारं फंक्शन) लूपच्या आकड्यावरून नाव तयार करा. याहून सोपं काही नाही. (स्प्रिंटएफ मात्र नको; नाव बफरपेक्षा लांब झालं तर तो बिनदिक्कत पुढच्या मेमरीत लिहीत सुटतो.) अडचण अशी, की मधली एखादी फाइल नसेल तर फाइल उघडणारं एफओपन नल (रिकामा पॉइंटर) देतो, आणि ते न तपासता वाचायला गेलात तर प्रोग्राम बहुधा तिथेच कोसळतो. शिवाय नावांची पद्धत बदलली की कोड बदलणं आलंच.

मेन फंक्शनला मिळणारा आर्गव्ही, म्हणजे कमांडमध्ये दिलेल्या शब्दांची यादी, हा माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य पर्याय. लूप १ पासून आर्गसीच्या (त्या शब्दांच्या संख्येच्या) आत चालवायचा, कारण ० वर सहसा प्रोग्रामचंच नाव असतं. लिनक्सवर कमांडमध्ये तारांकन दिलं की शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) जुळणारी सगळी नावं क्रमाने लावून हातात देतं. हा क्रम अक्षरांचा असतो, आकड्यांचा नाही. त्यामुळे नोंद१० ही नोंद२ च्या आधी येते. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट तारांकन उलगडत नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर लिंक करताना सेटआर्गव्ही डॉट ओबीजे जोडावी लागते.

फोल्डरमध्ये काय आहे हे प्रोग्रामनेच शोधायचं असेल, तरच ओपनडिर आणि रीडडिर या फोल्डर वाचणाऱ्या फंक्शनांकडे वळा. हे स्टँडर्ड सी नाही, पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) आहे. विंडोजवर त्याऐवजी फाइंडफर्स्टफाइल वापरतात. रीडडिर नावं कुठल्याही क्रमाने देतो, एका आणि दोन टिंबांची नावंही (चालू आणि वरचं फोल्डर) त्यात येतात. शिवाय मिळतं ते नुसतं नाव, फोल्डरचा पाथ नाही. तो न जोडता एफओपनला नाव दिलं की फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘सापडत नाही’. नवशिके अडकतात ते बहुतेक इथेच.

आता, सगळ्या फाइल आधी उघडून पॉइंटरांच्या ॲरेत ठेवाव्यात, की एकेक उघडून बंद करावी? एकेक. स्टँडर्ड सी एका वेळी किमान ८ स्ट्रीम (उघड्या फाइली) उघडण्याची हमी देतं, आणि त्यात एसटीडीइन, एसटीडीआउट, एसटीडीएरर हे तीन धरलेले असतात. लिनक्सवर एका प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) उघड्या फाइलींची नेहमीची मर्यादा १०२४ असते. लूपमध्ये एफक्लोज विसरलात तर पहिल्या हजारेक फाइल सुरळीत वाचल्या जातात आणि मग एफओपन अचानक नल देऊ लागतो. ॲरे लागतोच तो क्रमवार लावलेल्या फाइलींतल्या ओळी एकत्र गुंफताना, कारण तिथे प्रत्येक फाइलची पुढची ओळ एकाच वेळी समोर असावी लागते.