मराठी मथळ्यासाठी 'बालू'

देवनागरी अक्षर जाड करणे रोमन अक्षर जाड करण्यापेक्षा अवघड असते. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि डोक्यावर शिरोरेषा, या सगळ्यांना सारखीच जाडी दिली की आतल्या पोकळ्या बुजतात आणि 'ष्ठ' किंवा 'द्ध' यांचा नुसता शाईचा डाग होतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या समूहाने घडवलेला 'बालू' हा फॉन्ट मला आवडतो तो यासाठी, की त्यात अक्षर भरपूर वजनदार आणि गुबगुबीत असूनही मोठ्या आकारात एका नजरेत वाचता येते. कोपरे मऊ आहेत, वळणे भरीव आहेत. 'ळ' आणि 'क्ष' यांसारख्या गोलाईच्या अक्षरांवर तर ही शैली विशेष खुलते.

मूळ 'बालू' एकाच जाड वजनात, म्हणजे रेषेच्या एकाच जाडीत आला. पुढच्या 'बालू २' मध्ये ४०० ते ८०० अशी पाच वजने मिळतात, त्यामुळे मथळा आणि उपमथळा एकाच घराण्यात बसवता येतो. रोमनसोबत नऊ भारतीय लिप्यांसाठी हे घराणे उभे केले गेले आणि त्यातील नावे फार प्रेमाने, त्या त्या भाषेत 'भाऊ' या अर्थाची ठेवलेली आहेत : गुजरातीसाठी 'भाई', बंगालीसाठी 'दा', गुरुमुखीसाठी 'पाजी', तमिळसाठी 'तंबी', मल्याळमसाठी 'चेट्टन'. देवनागरीचा मात्र नुसताच 'बालू' राहिला. त्याला 'दादा' म्हटले असते तर मराठी माणसाला अधिक आनंद झाला असता.

मुलांच्या चित्रकला शिबिराचे भित्तिपत्रक मी यात केले, तेव्हा शीर्षक रस्त्यापलीकडूनही स्पष्ट दिसत होते. मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, खाऊचे पाकीट, दुकानाची पाटी, व्हिडिओवरचे शीर्षक, ही याची खरी जागा आहे. शोकसंदेश किंवा कायदेशीर नोटीस यात छापू नये, कारण अक्षराचा मूळ स्वभावच हसरा आहे. सलग मजकुरालाही जाड वजने चालत नाहीत. त्याच भित्तिपत्रकाच्या तळाशी नऊ पॉइंटमध्ये घातलेला पत्ता मला दुसऱ्या, सडसडीत फॉन्टमध्ये पुन्हा जुळवावा लागला.

ओळींमधले मूळचे अंतर ऐसपैस आहे. वरच्या-खालच्या मात्रांसाठी ते आवश्यकच आहे, पण दोन ओळींचे मथळे त्यामुळे विस्कळीत दिसतात. अंतर हाताने कमी करावे आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकत नाही ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासावे. पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर असलेले इनडिझाइन वापरणाऱ्यांनी त्यातला 'वर्ल्ड-रेडी' कम्पोजर (अक्षरे जुळवण्याचा पर्याय) निवडावा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि दोष विनाकारण फॉन्टला दिला जातो.

फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली विनामूल्य मिळतो आणि व्यावसायिक छपाईसाठीही वापरता येतो. लहान प्रकाशकाला आणि गावातल्या पाटीवाल्याला युनिकोडमधले इतके निगुतीने घडवलेले जाड मराठी अक्षर पैसे न मोजता मिळते, याचे मला फार मोल वाटते.