लीग की सौदा? १९३५ मधलं ब्रिटन

ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनी अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसला तेव्हा ब्रिटनपुढे दोन रस्ते होते, लीग ऑफ नेशन्सच्या, म्हणजे आजच्या युनोच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या, मागे उभं राहून इटलीला दाबायचं, नाहीतर गुपचूप सौदा करून प्रकरण मिटवायचं.

पहिला रस्ता पब्लिकला हवा होता. त्याच वर्षीच्या पीस बॅलटमध्ये, म्हणजे ब्रिटनभर घेतलेल्या खाजगी जनमत चाचणीत, १ कोटीच्या वर लोकांनी आर्थिक निर्बंधांना हो म्हटलं होतं, लष्करी कारवाईला मात्र त्याहून बरेच कमी. नोव्हेंबरात निर्बंध लागलेही, पण तेल यादीतच नाही आणि सुएझ कालवा उघडाच, इटलीची सैन्याची जहाजं तिथूनच आरामात जात होती! आता याला दाबणं म्हणायचं का?

दुसरा रस्ता म्हणजे ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होर आणि फ्रान्सचा पंतप्रधान लाव्हाल यांचा होर-लाव्हाल करार. होर, हाच आधी भारतमंत्री होता बरं का, १९३५ चा भारत सरकार कायदा यानेच पार्लमेंटमध्ये रेटला. सप्टेंबरात जिनीव्हात लीगसाठी दणदणीत भाषण ठोकलं आणि डिसेंबरात पॅरिसला जाऊन अबिसिनियाचा मोठा लचका इटलीला द्यायला तयार, बदल्यात अबिसिनियाच्या सम्राटाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी, जिला लंडनच्या टाइम्सने उंटांची वाट म्हणून हिणवलं. बातमी फुटली, बोंबाबोंब झाली, १८ डिसेंबरला होर घरी.

मला विचाराल तर सौदा घाणेरडा होताच, पण अर्धवट निर्बंध जास्त महागात पडले, कारण मुसोलिनी दुखावला आणि थांबलाही नाही, मे १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा पडलं, जुलैत निर्बंधही उठले.