सहा एअरबॅगवाली गाडी, आठ महिने आणि साडेतीन हजाराचं सीट कव्हर

11 हजार किलोमीटर झाले. मायलेज, डिकी वगैरे सगळ्यांना माहितीय, ते परत लिहीत बसत नाही. लिहायचंय ते मीटरवरच्या एअरबॅगच्या त्या दिव्याबद्दल, बसलेला माणूस आणि पुढ्यात गोल फुगा असं चित्र असतं ना, तो. नगरहून पुण्याला येताना शिरूरच्या पुढं लागला तो विझेचना.

सर्विस सेंटरला 900 रुपये नुसते स्कॅनिंगचे. "सर, ड्रायव्हर सीटच्या साइड एअरबॅगचं सर्किट ओपन दाखवतंय, मॉड्यूल बदलावं लागेल, 14,800." वॉरंटी? "बाहेरून कव्हर टाकलंय ना सर, बसत नाही." डोकंच फिरलं, तिथंच बाकड्यावर एक स्टारचा रिव्ह्यू टाइप केला, पाठवला नाही तेवढं बरं. दिवा चालू असला की एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही, म्हणून गाडी दहा दिवस पार्किंगलाच.

मग मेहुण्याच्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यानं आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, दहा मिनिटं निवांत चहा पीत बसला (सिस्टममध्ये करंट साठलेला असतो म्हणे), मग टॉर्च मारून मलाच सीटखाली वाकायला लावलं. पिवळा कनेक्टर अर्धा बाहेर, आणि त्याच्या वायरीत अडकलेलं काय, तर माझ्याच सीट कव्हरच्या इलास्टिकचं हुक! सीट मागंपुढं केली की ओढलं जायचं. कनेक्टर बसवला, एररचा कोड उडवला, 400 रुपये. पिवळी वायर एअरबॅगची असते, ती दिसली तर स्वतः हात घालू नका मात्र.

इथं माझं मत जरा फिरलं. सर्विसवाल्यांना सीटखाली वाकता आलं नाही याची माफी नाहीच, पण कंपनीचं 9 हजाराचं कव्हर सोडून बाजारातलं साडेतीन हजाराचं मीच घेतलं होतं. साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेतून फाडून बाहेर येते, तिथं कव्हर उघडं नाहीतर कच्च्या शिवणीचं लागतं. माझ्या कव्हरला डबल शिलाई. म्हणजे सहातल्या दोन एअरबॅग मी पैसे देऊन शिवून घेतल्या.

त्याहून वाईट म्हणजे मागच्या सीटबेल्टची बकलं. फिटिंगवाल्यानं ती कव्हरखाली दडपलेली आणि मला महिनोन्‌महिने पत्ता नाही, कारण मागं बसणारे आमचे आण्णा "मागं कशाला बेल्ट" म्हणायचे आणि मी सोडून द्यायचो. 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, मागं बसले होते, बेल्ट नव्हता, ती बातमी आम्ही दोघांनी सोबत बघितलेली, तरीपण. एअरबॅगवर एसआरएस लिहितात त्यातला पहिला एस म्हणजे सप्लिमेंटल, पुरवणी. मुख्य काम बेल्टचंच. व्होल्वोच्या निल्स बोलिननं 1959 ला आणलेला तोच तीन टोकांचा पट्टा, पेटंट असून कंपनीनं सगळ्यांना वापरू दिला. म्हणजे जगाला फुकटात दिलेली वस्तू मी साडेतीन हजार मोजून झाकली.

आता कव्हर काढलंय. आण्णा बेल्ट लावतात पण मानेला घासतो म्हणून पुण्यापर्यंत कुरकुर, आणि त्यात ते बरोबर आहेत, मागच्या बेल्टला उंची ॲडजस्ट करायची सोयच दिलेली नाही. त्याचा अर्धा स्टार कापला.

गाडी साडेतीन, सर्विस सेंटर एक. कव्हरचा सेट माळ्यावर पडलाय, ह्याच गाडीचं दोन एअरबॅगवालं बेस मॉडेल कुणाकडं असेल तर हजाराला देतो, हुक कापून.