लोकरी गालिचा: धुवावा की रंगवावा?
रत्नागिरीच्या आमच्या घरात झोपाळ्यापुढचा लोकरी गालिचा मधोमध पायवाटेसारखा फिकट पडला. धुवायचा की रंग भरून घ्यायचा? आधी लोकर बोटांनी फाकवून बघा. मुळाशी रंग गडद आणि फक्त टोकं पांढुरकी असतील तर तो उन्हाचा मार. कितीही धुतलं तरी उडालेला रंग परत येत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याला तांबडी माती लागली, तर मात्र धुणंच.

धुताना सोडा, ब्लीच अजिबात नको. लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. ब्लीचमध्ये ती पिवळी पडते, विरघळतेसुद्धा. थंड पाणी, सौम्य साबण, शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर. खाली तागाचं अस्तर असेल तर गालिचा सावकाश वाळताना तागाचा तपकिरी डाग वर चढतो, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात हे काम काढूच नये. जानेवारीत, वाऱ्यावर, सावलीत वाळवावा.

रंग जाणकाराकडूनच भरून घ्यावा. लोकरीचे आम्लरंग, म्हणजे आम्लाच्या पाण्यात चढवायचे रंग, उष्णतेशिवाय पक्के बसत नाहीत. आणि जिथे लोकरच झिजून गेली, तिथे रंग धरणार कशाला? आम्ही धुतला. कडेची वेलबुट्टी पुन्हा दिसू लागली, मधला पट्टा फिकटच राहिला.