सायकलवर न्यायला कुठला कॅमेरा: खिशातला की लेन्स बदलणारा?

सकाळची राइड, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन मारलेली छोटी फेरी आणि उरलेला वेळ घरात. माझे बहुतेक फोटो या तीन ठिकाणी निघतात. अशा दिनक्रमाला एकच कॅमेरा पुरवायचा तर कुठला घ्यावा, असं मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं. दोन्ही प्रकार भरपूर वापरून झाले आहेत, म्हणून एकदा नीट लिहितो.

एका बाजूला मोठ्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप), एकाच ठरलेल्या लेन्सचा, खिशात मावणारा कॅमेरा. रिकोचा जीआर थ्री हे त्याचं ठळक उदाहरण. दुसऱ्या बाजूला मायक्रो फोर थर्ड्स या त्याहून लहान सेन्सरच्या प्रकारातली छोटी मिररलेस बॉडी, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि तिच्यासोबत एक-दोन बारक्या प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्स. दोन्हींचे तपशील कुठेही वाचायला मिळतात. मेगापिक्सेल आणि व्हिडिओच्या फॉरमॅटमध्ये मी शिरत नाही. या वापराला दोन्ही गरजेपेक्षा जास्तच देतात.

फोन पुरेसा नाही का, हे आधी उरकू. पुष्कळांना पुरतो. व्हिडिओला आणि घरच्यांना लगेच पाठवायच्या फोटोंना मीही फोनच वापरतो. पण राइडवर तो हँडलबारवर नकाशा दाखवत असतो, बोटं घामेजलेली किंवा हातमोज्यात असतात, आणि भर उन्हात काचेवर शटर शोधणं कटकटीचं होतं. शिवाय फोन अनेक फ्रेम एकत्र करून फोटो बनवतो. स्थिर देखाव्याला ते झकास, पळत्या मुलाच्या हातापायांना तितकंसं नाही. हँडलबारवर फोन लावणाऱ्यांसाठी आणखी एक: मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. सायकलला इंजिन नसतं, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. तरी रस्ता खडबडीत लागला की मी फोन काढून खिशात टाकतो.

घरात मिररलेस पुढे

घरातल्या फोटोंबद्दल मला शंका नाही. ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.८ लेन्स ११६ ग्रॅमची आहे आणि फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात ती ९० मिमी होते. हा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. खिडकीपाशी वाचत बसलेली आई, गृहपाठात डोकं घातलेली मुलगी, दुपारी झोपलेलं बाळ, हे सगळं खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, कोणाला न उठवता टिपता येतं. जीआर थ्रीची लेन्स २८ मिमीच्या बरोबरीची. तिच्यातून चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर इतकं जवळ जावं लागतं की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. २०२१ मध्ये आलेल्या जीआर थ्री एक्सने ४० मिमीच्या बरोबरीची लेन्स देऊन ही अडचण बरीच कमी केली, तरी ९० मिमीची मजा वेगळी.

कमी उजेडाचा मुद्दा मात्र वाटतो तेवढा एकतर्फी नाही. त्या ४५ मिमीचं एफ/१.८ आणि जीआर थ्रीच्या लेन्सचं एफ/२.८ (आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) यांमध्ये उजेडाचा फरक जवळजवळ अडीचपट, म्हणून लोक लगेच मिररलेसच्या बाजूने कौल देतात. पण खिशातल्या कॅमेऱ्याचा एपीएस-सी सेन्सर मायक्रो फोर थर्ड्सच्या सेन्सरच्या दीडपटीहून मोठा असतो. त्यामुळे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी फोटोतल्या दाण्याचा हिशेब करता शेवटी साधारण अर्ध्या स्टॉपचाच फरक उरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). रात्री दिव्याखाली काढलेले दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर मला ते सहज ओळखता येत नाहीत. आणि मुलं नाचत असतील तर स्थिरीकरणाचा कुठेच उपयोग नाही. ते आपला हात सावरतं, मुलांचे पाय नाही. शटर १/२५० सेकंदाच्या आसपास न्यावंच लागतं, कॅमेरा कुठलाही असो.

तेव्हा फक्त घर असतं तर मी मिररलेस घ्या म्हटलं असतं आणि थांबलो असतो.

सायकलवर तो ठेवायचा कुठे?

माझ्यासाठी निकाल इथे लागला. लेन्स लावलेला कॅमेरा सायकलवर ठेवायला धड जागाच नाही.

सगळ्यात स्वाभाविक वाटतो तो तिरका पट्टा. कॅमेरा पाठीवर, पट्टा खांद्यावरून छातीवर. उभ्याने छान बसतो. सायकलवर पुढे झुकलात की पाठ आडवी होते आणि कॅमेरा कुशीवरून सरकत सरकत पोटाखाली येतो. मग प्रत्येक पॅडलला गुडघा लेन्सला लागतो, नाहीतर कॅमेरा टॉप ट्यूबवर, म्हणजे सायकलच्या वरच्या दांडीवर, आपटतो. एका हाताने तो मागे ढकलायचा, पुढच्या वळणावर तो परत हजर. पट्टा आवळला तर श्वास घेताना छातीला काचतो, आणि फोटो काढायला आधी तो सैल करावा लागतो. कमरेभोवती दुसरा छोटा पट्टा बांधला की सरकणं थांबतं, हे खरं. पण मग कॅमेरा काढायचा तर दोन बकलं सोडवायची आणि परत लावायची.

पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला तर तो सुरक्षित राहतो, पण पाठ घामाने चिंब होते. आणि फोटोसाठी सायकल टेकवा, सॅक उतरवा, चेन उघडा, लेन्सचं झाकण काढा. हँडलबारवरची बॅग हा सगळ्यात बरा उपाय आणि मी तो सर्वांत जास्त वापरला. तिथेही दोन गोष्टी खटकत राहिल्या. पुढे वजन आलं की चढावर, सायकल सावकाश चालत असताना, हँडल जड लागतं. आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. तळाला जाड स्पंज घातला तरी मन त्या बॅगेतच राहतं. सेन्सर हलवून स्थिरीकरण करणाऱ्या काही बॉडींमध्ये कॅमेरा बंद असताना सेन्सर मोकळा असतो आणि आतून खुळखुळ आवाज येतो. त्यात बिघाड काही नसतो, पण तो आवाज माहीत असला की दगडांच्या रस्त्यावर जीव वरखाली होतो.

हे सगळं सोसलंही असतं. पण राइडवर आपण एकटे नसतो. पुढे मुलगी जोरात निघालेली असते, मागून बायको धाकट्याला सांभाळत येत असते. मी थांबलो की सगळी रांग थांबते. बॅग उघडून, झाकण काढून, कॅमेरा सुरू करून डोळ्याला लावेपर्यंत जे दिसलं होतं ते गेलेलं असतं, आणि ज्यांच्यासाठी थांबलो ते ओळीने उभे राहून कॅमेऱ्याकडे बघून हसत असतात. असे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत. सगळे नीट फोकसमध्ये, आणि जवळजवळ सारखेच. काही काळाने माझ्या लक्षात आलं की मी कॅमेरा बॅगेतून काढायचंच कमी करत चाललो आहे. पुन्हा सगळ्यांना थांबवायचं म्हणून समोरचं चित्र सोडून देतो आहे. मिररलेसबद्दलची माझी सगळी तक्रार एवढीच आहे, पण तिच्यापुढे बाकीचे गुण फिके पडले.

जीआर थ्री बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम भरतो आणि सायकलिंग जर्सीच्या पाठीवरच्या खिशांपैकी एकात बसतो. मधल्या खिशात कुठलीही कडक वस्तू ठेवू नका. पाठीवर पडलात तर ती थेट मणक्याखाली येते. मी उजव्या कडेच्या खिशात ठेवतो. एक पाय जमिनीवर टेकवायचा, उजव्या हाताने कॅमेरा काढायचा, अंगठ्याशेजारचं बटण दाबायचं. लेन्सचं झाकण म्हणजे आपोआप उघडणाऱ्या पाकळ्या, त्यामुळे काढून हातात धरायला काही नाही. डावा हात हँडलवरच राहतो. पुढे गेलेल्या मुलीला मी थांबलो होतो हे कळतसुद्धा नाही. चालत्या सायकलवरून मात्र मी फोटो काढत नाही, आणि मुलं मागे असताना तुम्हीही काढू नये असं वाटतं.

याला जोड मिळते ती ठरलेल्या अंतरावरच्या फोकसची. या मालिकेत तिला स्नॅप फोकस म्हणतात. अंतर अडीच मीटर, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ठेवलं तर ढोबळमानाने दीड मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत सगळं नीट दिसतं. म्हणजे शेजारून जाणारा मुलगाही आला आणि त्याच्यामागचा रस्ताही. फोकस शोधण्यात क्षण जात नाही. बटण पूर्ण दाबलं की फोटो. तत्त्व जुनंच आहे आणि मिररलेसवर हाताने फोकस लावूनही हे करता येतं. पण तिथे बॅगेत ठेवता-काढता फोकसची रिंग फिरते आणि पुन्हा तपासावी लागते.

घरातही एक फायदा मिळाला, जो मी धरलेला नव्हता. जीआर थ्रीच्या लीफ शटरचा (लेन्समधल्या पाकळ्यांच्या शटरचा) आवाज नखाने टिचकी मारल्यापेक्षाही हलका असतो. खिशातून निघालेल्या एवढ्याशा वस्तूकडे मुलं फार लक्ष देत नाहीत, आणि खेळ चालू राहतो. ९० मिमीने दुरून काढलेला चेहरा सुंदर येतो हे वर म्हटलंच. २८ मिमीत त्या चेहऱ्याबरोबर जमिनीवर पसरलेले खेळण्यांचे तुकडे, सोफ्यावर लोळणारा भाऊ आणि दारात उभी आजी पण येते. जुने फोटो चाळताना मी हल्ली अशा गर्दीच्या फोटोंवर जास्त वेळ थांबतो. ही आवड झाली, प्रत्येकाची असेलच असं नाही.

खिशातल्या कॅमेऱ्याच्या उणिवा

त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली धूळ. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सबरोबर हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर कण. कच्च्या रस्त्यावर, खिशातल्या कापडाच्या तुसांमध्ये हे कधी ना कधी होतं, आणि लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी साफ करता येत नाही. मिररलेसमध्ये फुंकणीने काम भागतं. दुसरा घाम. जर्सीचा खिसा म्हणजे दमट जागा, आणि दमटपणात लेन्सवर बुरशी धरते. चेनवाली पातळ प्लास्टिकची पिशवी आणि घरी आल्यावर सिलिका जेलच्या डब्यात मुक्काम, एवढं पाळलं तर बरंच निभतं. पिशवीमुळे काढायला एक-दोन सेकंद जास्त लागतात, ते मी सोडून दिले आहेत. तिसरा पाऊस. जीआर थ्रीला पाण्यापासून संरक्षण नाही. मिररलेसमध्ये पाऊस सोसणाऱ्या बॉडी आणि लेन्स मिळतात.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, त्यामुळे कडक उन्हात स्क्रीनवर अंदाजाने चौकट धरावी लागते. सवयीने २८ मिमीची चौकट डोळ्यात बसते, पण नव्या माणसाला सुरुवातीला चिडचिड होईल. बॅटरी साधारण २०० फोटोंची, म्हणजे दिवसभराच्या फेरीला एक अपुरी. आधीच्या जीआर टूमध्ये असलेला अंगचा फ्लॅशही थ्रीमध्ये काढला आहे. घरातल्या समारंभांना तो आठवतो.

फुजीची एक्स१०० मालिका या दोन्हींच्या मध्ये येते आणि मोह पाडते. ३५ मिमीच्या बरोबरीची एफ/२ लेन्स, उत्तम व्ह्यूफाइंडर, दिसायला देखणी. पण २०२४ चा एक्स१००सिक्स ५२१ ग्रॅमचा आहे आणि त्याची लेन्स आत जात नाही. जर्सीच्या खिशात घातला तर खिसा लोंबतो आणि चढावर उभं राहून पॅडल मारताना पाठीवर डावी-उजवीकडे झुलतो. म्हणजे परत पट्टा, परत बॅग. चालत फिरणाऱ्याला मी तोच सुचवीन.

मग कोणी काय घ्यावं

तुमची सायकल सरळ बसून चालवायची असेल आणि पुढे टोपली असेल, तर माझा निम्मा आक्षेप गळून पडतो. पट्टाही तितका सरकणार नाही. मुलं मैदानावर खेळत असतील, रंगमंचावर काम करत असतील, तर खिशातल्या कॅमेऱ्यात ती मुंगीएवढी दिसतील. तिथे लांब लेन्स हवीच आणि मिररलेसशिवाय पर्याय नाही. घरात तान्हं बाळ असेल आणि पुढचं वर्षभर सायकल कमीच निघणार असेल, तरी मिररलेस आणि ४५ मिमी हे उत्तर मला पटेल.

यांपैकी काही नसेल, तुम्ही झुकून सायकल चालवत असाल आणि बरोबर थांबायला कंटाळणारी माणसं असतील, तर मी खिशातल्या कॅमेऱ्याकडे झुकेन. माझी मिररलेस मी विकलेली नाही. ती ४५ मिमी लावून घरातच असते. पण उद्या दोन्हींपैकी एकच ठेवायची वेळ आली तर कुठला ठेवायचा हे मला विचार न करता सांगता येईल.

ठरत नसेल तर मित्राचा कॅमेरा एका राइडपुरता मागून घ्या. फोटो कसे येतात हे राइडनंतर बघा. आधी तो किती वेळा बाहेर निघाला हे बघा. २८ की ४० हा प्रश्न पडला तर मुलं लहान आणि अंगाशी खेळणारी असताना २८, मोठी होऊन दोन हात लांब राहू लागली की ४०. आणि जो घ्याल त्याच्याबरोबर जास्तीची बॅटरी त्याच दिवशी घ्या.