रेवदंड्याच्या कोटातील इतिहास-फेरी
रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटातून मार्गदर्शकासह होणारी ही पायी फेरी घाईच्या पर्यटकांसाठी नाही, कारण पडझड झालेल्या सातखणी मनोऱ्यापाशीच बराच वेळ जातो. शेजारच्या चौलचे प्राचीन बंदर, १५०८ ची आरमारी लढाई आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आलेला कोट हे धागे मार्गदर्शकाने नेमकेपणाने जोडून दाखवले. पंधराव्या शतकात चौलला आलेल्या अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाची मात्र दोनच वाक्यांत बोळवण झाली, याची चुटपुट लागली. कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलली जाते, हा भाग (वाऱ्याने निम्मे शब्द उडवूनही) सर्वांत रंगला. भरदुपारची वेळ टाळावी.