वेळ मागे न नेता घड्याळ जुळवणारा ‘क्रोनी’

आमच्या दोन सर्व्हरांवर पूर्वी तासातून एकदा घड्याळ सरळ नव्या वेळेवर लावणारी एक छोटी स्क्रिप्ट चालत असे. एकदा नोंदी तपासताना विनंतीची वेळ १०:००:००.७८० आणि तिच्याच उत्तराची वेळ १०:००:००.४१२ अशी दिसली, कारण त्या दोहोंच्या मधल्या क्षणी घड्याळ मागे सरकवले गेले होते. ती स्क्रिप्ट काढून आम्ही क्रोनी बसवला. आता बराच काळ वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे, इतका तो मला मोलाचा वाटतो.

क्रोनी हा एनटीपी (नेटवर्कवरून वेळ विचारून घेण्याची नियमावली) या प्रोटोकॉलद्वारे संगणकाचे घड्याळ जुळवणारा मुक्त प्रोग्राम आहे. त्याची सुरुवात रिचर्ड कर्नो यांनी केली आणि पुढे त्याच्या देखभालीची जबाबदारी मिरोस्लाव लिख्वार यांनी घेतली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये सातव्या आवृत्तीपासून वेळ जुळवण्यासाठी तोच मूळ पर्याय आहे.

प्रत्यक्षात वेळ राखण्याचे काम कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचे असते. हार्डवेअरमधल्या काउंटरचे ठोके मोजून तो त्यांचे नॅनोसेकंदांत रूपांतर करतो. पण ते ठोके देणाऱ्या क्रिस्टलचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो आणि त्यात २० पीपीएम (दहा लाखांत वीस भाग) इतकी चूक असली, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो. क्रोनी केवळ हा फरक भरून काढून थांबत नाही. जुन्या मोजमापांतून तो रेषीय प्रतिगमनाने (मोजमापांना सर्वांत जवळची सरळ रेषा बसवून) या यंत्राचे घड्याळ किती वेगाने चुकते ते ठरवतो, तो वेग ‘ॲडजटाइमेक्स’ या सिस्टम कॉलद्वारे (कर्नलला केलेल्या विनंतीद्वारे) कर्नलला कळवतो आणि ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्यामुळे नेटवर्क तुटले तरी घड्याळ बराच वेळ ताळ्यावर राहते आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर घड्याळाच्या चुकीची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागत नाही. माझ्या मते क्रोनीचा खरा गुण हाच आहे.

दुरुस्तीचा वेगही उल्लेखनीय आहे. एनटीपीडी या वेळ जुळवणाऱ्या जुन्या प्रोग्रामची ५०० पीपीएमची मर्यादा धरली, तर एका सेकंदाची चूक हळूहळू भरून काढायला २००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. क्रोनी मुळात एक बारांश इतक्या (सेकंदामागे सेकंदाचा बारावा भाग) वेगापर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तीच चूक १२ सेकंदांत निघू शकते, आणि तेवढ्या वेळात घड्याळ मागे जात नाही. मात्र त्या काळात सेकंदाची लांबीच बदललेली असते. पुष्कळांना ठाऊक नसते की लिनक्समधले ‘क्लॉक मोनोटॉनिक’ हे कधीही मागे न जाणारे घड्याळसुद्धा या बदलाबरोबर हलते; त्यापासून अलिप्त राहते ते फक्त ‘क्लॉक मोनोटॉनिक रॉ’. अचूक कालावधी मोजणाऱ्यांनी ‘मॅक्सस्ल्यूरेट’, म्हणजे या दुरुस्तीच्या कमाल वेगाची सेटिंग, कमी करून घ्यावा.

‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ ही आज्ञा मी रोज वापरतो. तिच्यात सध्याचा फरक, रूट डिले (मूळ वेळस्रोतापर्यंत जाऊन येण्याचा एकूण वेळ) आणि रूट डिस्पर्शन (त्या वाटेवर साठत गेलेली अनिश्चितता) दिसतात. फरकाच्या निरपेक्ष मूल्यात डिस्पर्शन आणि डिलेचा अर्धा भाग मिळवला की घड्याळाची चूक जास्तीत जास्त किती असू शकेल याचा अंदाज मिळतो. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग सारख्या वेळेचा नसेल, तर ती असमानता एनटीपीला आतून ओळखता येत नाही, म्हणून ही कमाल मर्यादा मला त्या फरकाच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

सावध करावे अशी गोष्ट ‘मेकस्टेप’ची, म्हणजे घड्याळ एकदम उडी मारून जुळवू देणाऱ्या सेटिंगची आहे. नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ असते. म्हणजे एका सेकंदाहून मोठी चूक एकदम दुरुस्त करण्याची मुभा फक्त पहिल्या तीन अपडेटपुरती मिळते. सर्व्हरसाठी हे योग्यच आहे. परंतु सहा तास थांबवून ठेवलेले व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) पुन्हा चालू केले आणि त्याचे घड्याळ तितकेच मागे राहिले, तर एक बारांशाच्या वेगाने ते जुळायला तब्बल ७२ तास लागतील. अशा मशीनवर तीनच्या जागी उणे एक लिहावे, म्हणजे मर्यादा उठते. मात्र मग घड्याळ मागे उडी मारण्याची शक्यताही स्वीकारावी लागते. आमच्या चाचणीच्या मशीनवर आम्ही ती स्वीकारली आहे, व्यवहार नोंदवणाऱ्या सर्व्हरवर नाही.

क्रोनीच्या ४.० आवृत्तीपासून एनटीएसची (एनटीपीला दिलेल्या सुरक्षेच्या जोडीची) सोय आल्यामुळे वेळ देणारा सर्व्हर खरा आहे की नाही हेही पडताळता येते. ज्यांना मायक्रोसेकंदाहून सूक्ष्म जुळणी हवी आहे, त्यांनी हार्डवेअर टाइमस्टॅम्प देणारे (संदेशाची वेळ स्वतःच नोंदवणारे) नेटवर्क कार्ड घ्यावे आणि पीटीपी या अधिक अचूक प्रोटोकॉलचाही विचार करावा. बाकी साऱ्यांनी निःशंकपणे क्रोनी बसवावा.